ती दुसरी खुर्ची परत ठेवा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच या रुग्णालयाचे प्रमुख. व्यासपीठावरचे सर्व डॉक्टर. आजच्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या डॉक्टरबाई. आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावरही सभागृहात वेळेवर हजर झालेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो!

मी तुम्हाला पेशंट म्हणणार नाही. मी तुम्हाला चांगला ओळखतो. ज्यांच्या हातून पाण्याने भरलेली बादली कायमची काढून घेण्यात आली, ते तुम्ही! ज्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की घरातून तीन दिशांनी "अहो, अहो, अहो!" असा कल्लोळ उठतो, ते तुम्ही! झटका आला, आपण जगलो, घरी परतलो, आणि घरच्यांनी आपल्याला शोकेसमधल्या काचेच्या हत्तीसारखं कपाटात ठेवून दिलं. खरं की नाही? हात वर करा. हं, एक हातच वर करा, दोन्ही नको, घरचे बघताहेत.

आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. जपा! शेजारी म्हणतो जपा. मेहुणा म्हणतो जपा. ज्या मेहुण्याने आयुष्यात कधी चहा विचारला नाही, तोही माझा खांदा दाबून म्हणतो, जपा. अहो, पण काय जपायचं? किती जपायचं? कधीपर्यंत जपायचं? माझ्या छातीत आता नेमकं काय शिल्लक आहे, पुढे काय वाढून ठेवलंय, हे कुणी सांगेल का? हीच आपली तक्रार आहे ना? मरणाची भीती परवडली, पण ही मोघम भीती नको!

टाळ्या वाजवताय? वाजवा. बेतानं वाजवा.

आता निवेदकांनी मला आवर्जून सांगितलं आहे की थोडक्यात बोला. शिवाय पहिल्या रांगेत माझी थोरली बहीण बसली आहे. ताई आयुष्यभर तिकीट तपासनीस होती. निवृत्त झाली, पण नजर निवृत्त झाली नाही. मी जरा आवाज चढवला की ती माझ्याकडे अशी बघते, जणू माझं हृदय विनातिकीट प्रवास करतंय. तेव्हा मी आटोपशीर बोलेन. आणि माझ्या उजव्या हाताला चकचकीत कागदात गुंडाळलेली जी भलीमोठी वस्तू उभी आहे, तिच्याकडे मी शेवटी येतो. निरोप समितीचे शिंपीकाका, तुम्ही आत्ताच उठू नका, बसा.

तर मला झटका आला तो भर सभेत. कारखान्याच्या फाटकाबाहेर मी कामगारांपुढे बोलत होतो. अगदी रंगात आलो होतो. "या मालकांच्या छातीत काळीज आहे का?" असा सवाल केला, आणि त्याच क्षणी माझ्या छातीत कुणीतरी गुडघा रोवला. मी बोलायचा थांबलो. छातीवर हात धरला. डोळे मिटले. आणि मित्रहो, त्या तुडुंब सभेने टाळ्यांचा कडकडाट केला! लोकांना वाटलं, काय हा अभिनय! मी खाली बसलो, तर मागचे उठून उभे राहिले आणि त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. वक्त्याच्या नशिबी असं मरण यावं, आणि नेमकं तेव्हाच ते हुकावं! ताई मात्र सभेला आली होती. ती एकटीच ओरडली, "अरे, हा मध्येच गप्प कसा बसला? गाडी आणा!" माझी शांतता ओळखणारी जगात एवढी एकच व्यक्ती आहे. म्हणून मी आज बोलतो आहे.

इथल्या डॉक्टरांनी तुंबलेली रक्तवाहिनी उघडली, तिच्यात स्टेंट म्हणजे बारीक जाळी बसवली, आणि मला घरी सोडलं. घरी ताईचं राज्य. जिना बंद, बादली बंद, सिगारेट अर्थातच बंद, आणि सर्वांत वरचढ हुकूम म्हणजे बोलणं बंद! एका वाक्यात दुसरं क्रियापद आलं की ती पाण्याचा पेला पुढे करायची.

मी म्हटलं, "ताई, मी बोललो नाही तर मरेन गं."

ती म्हणाली, "आणि बोललास तर मी मारेन."

झालं. चळवळ संपली.

अशा अवस्थेत काही आठवड्यांनी मला हृदयाच्या सीटी स्कॅनला पाठवण्यात आलं. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो केला आहे. मोठ्या कड्यासारखं यंत्र, त्यात सरकणारा पलंग, अंगाला चिकटवलेल्या वायरी. आणि शेजारी आपले तंत्रज्ञ, ज्यांना आपण प्रेमाने श्वासराव म्हणतो, कारण त्यांच्या तोंडून "श्वास घ्या, श्वास रोखा" याखेरीज तिसरं वाक्य फारसं कुणी ऐकलेलं नाही. ते बघा, मागे उभे राहून हसताहेत. हसताना श्वास कसा सोडताहेत बघा!

आता यातली गोम अशी की हृदय एकसारखं हलतं. हलणाऱ्या वस्तूचा फोटो पुसट येतो. म्हणून आधी गोळी देऊन ठोके कमी करतात, मग फोटो घेतात. मला गोळी दिली. मी पडून राहिलो. श्वासराव म्हणाले, "श्वास रोखा." मी रोखला. म्हणाले, "सोडा." मी सोडला. आणि पलीकडच्या काचेमागून डॉक्टरबाई बाहेर आल्या. हीच आमची पहिली भेट.

त्या म्हणाल्या, "ठोके उतरत नाहीत तुमचे. घाबरलात का?"

"छे! मी आणि घाबरणार?"

"मग आत पडल्या पडल्या काय करत होता?"

ताई दारातून म्हणाली, "मनात भाषण करत असेल. ओठ बघा त्याचे."

खरंच करत होतो हो! महिनाभर तोंड बंद. तिथे निदान कुणी पाण्याचा पेला पुढे करत नव्हतं. त्या यंत्राच्या कड्यात मी माझ्या मनातल्या मनात एक विराट सभा घेत होतो. लोक उसळले होते, ठोकेही उसळले होते. असली चूक दुसरा कुठला पेशंट करणार?

बाईंनी कपाळाला हात लावला नाही, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. भाषणच हवंय ना? मग आजवर ऐकलेलं सर्वांत संथ भाषण आठवा. अगदी शब्दन् शब्द. ते डोक्यात चालू द्या."

मी आठवलं. ठोके उतरले. श्वासराव ओरडले, "वा! उतरले! आणखी उतरले! बास, आता झोपू नका!" आणि फोटो असा स्वच्छ आला की बाई खूश.

ते भाषण कुणाचं, असं तुम्ही विचारणार. अध्यक्षमहाराज, याच यंत्राच्या उद्घाटनाला आपण केलेलं भाषण होतं ते. रागावू नका. यंत्र आपण आणलंत, आणि ते नीट चालावं याची सोयही आपणच करून ठेवलीत. एवढी दूरदृष्टी किती प्रशासकांकडे असते? बघा, अध्यक्षही हसले. मी निर्भय झालो.

आता मुख्य गोष्ट. फोटो काढल्यावर काय होतं? अहवाल तयार होतो. त्यात असे शब्द असतात की मी जगभरची क्रांतीची पुस्तकं वाचलेला माणूस, मलाही ते उच्चारता येत नाहीत. तो अहवाल एका डॉक्टरांकडून दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. मग ते म्हणतात, "बरं आहे. जपा." अहो, हृदय आमचं, धडधड आमची, फोटो आमचा, आणि आमच्याखेरीज सगळ्यांनी तो बघायचा? हा कुठला न्याय? आपल्या भावी आयुष्याबद्दल चर्चा चालू आहे आणि आपणच दाराबाहेर!

पण आपल्या बाईंच्या खोलीत असं नव्हतं. त्यांच्या त्या अंधाऱ्या, पडदे ओढलेल्या खोलीत, मोठ्या पडद्यासमोर, त्यांच्या खुर्चीशेजारी दुसरी एक खुर्ची होती. लोखंडी सांगाड्याची, दोन्ही बाजूंनी हात असलेली, आणि जड. जड का? तर हलक्या खुर्च्या नातेवाईक उचलून बाहेर बसायला नेत. बाई म्हणाल्या, अशी आणा की कुणाला उचलावीशी वाटू नये. तिचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. तुम्ही सगळे त्या खुर्चीत बसला आहात. त्या पुठ्ठ्यावर आपण सगळे डुललो आहोत!

त्यांनी मला बसवलं. ताई मागे उभी.

"हे तुमचं," त्या म्हणाल्या.

"माझं काय?"

"हृदय. दुसऱ्याचं दाखवत नाही मी कुणाला."

पडद्यावर ते गोल गोल फिरत होतं. मी बघतच राहिलो. जगातल्या कवींनी हृदयाबद्दल इतकं लिहिलं, मी त्यातलं इतकं पाठ केलं, पण तो एक राबणारा स्नायू आहे हे एकानेही मला सांगितलं नव्हतं! कामगार, मित्रहो! सुट्टी न घेणारा, संप न करणारा कामगार! आणि मी त्याचा पुढारी, मला त्याचा पत्ता नाही!

मी म्हटलं, "बाई, हे एवढंसंच?"

"मुठीएवढं असतं. तुम्हाला काय वाटलं, सभागृहाएवढं?"

मग त्यांनी एका जागी बोट ठेवलं. "हा उजळ पट्टा दिसतो? सुईतून औषध दिलं तेव्हा अंगभर गरम वाटलं होतं ना, तेच हे औषध. जिवंत स्नायू थोड्या वेळाने ते सोडून देतो. मेलेला धरून बसतो. म्हणून तेवढा भाग उजळला आहे."

"किती मेलंय?"

"थोडं. भिंतीचा आतला पातळ थर. बाकी सगळं काम करतंय. बघा, किती छान आवळतंय."

मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, "ताई! ऐकलंस? छान आवळतंय!"

"बसा," बाई म्हणाल्या. "अजून संपलेलं नाही."

मी बसलो. त्यांनी चित्र फिरवलं. "ही दुसरी रक्तवाहिनी. झटका हिच्यामुळे आला नव्हता, म्हणून हिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. हिच्या भिंतीत चरबीचा थर आहे, आणि तो मऊ आहे. मऊ थर फुटायची भीती जास्त. बाहेरची बाजूही मला सुजल्यासारखी दिसते. मला हे आवडत नाही."

ताईचा हात माझ्या खांद्यावर आला. मी विचारलं, "म्हणजे मी जाणार?"

त्या माझ्याकडे वळल्या. मला ते वळणं आठवतं. पडद्याकडून माणसाकडे वळायला खुर्ची शेजारी असावी लागते. म्हणाल्या, "मी ज्योतिषी नाही. असा थर असलेली शंभर माणसं समोर बसवली, तर त्यातल्या साधारण किती जणांना पुन्हा त्रास होईल, एवढं मला सांगता येतं. त्या शंभरांत तुम्ही कुठे बसणार, ते ठरलेलं नाही. त्यातलं थोडं तुमच्या हातात आहे. गोळ्या चुकवायच्या नाहीत. सिगारेटला पुन्हा शिवायचं नाही. रोज चालायचं. जिना चढायचा, हळू. जड मात्र काही उचलायचं नाही. पुढचा स्कॅन करू, या नळीत काय बदल झालाय बघू, मग वजन उचलण्याचं ठरवू."

आणि ताईने तिच्या मनातला खरा प्रश्न विचारला. "आणि बोलणं?"

"बोलू द्या हो. त्रास झालाच तर ऐकणाऱ्यांना होईल."

बंधूंनो, भगिनींनो, मला वाईट बातमी मिळाली होती आणि मी त्या खोलीतून उड्या मारत बाहेर पडलो! का? कारण माझ्या भीतीला आता जागा मिळाली होती. नाव मिळालं होतं. ती सगळ्या अंगभर पसरलेली नव्हती, एका नळीच्या एका वळणावर बसली होती, आणि तिच्याशी लढायला मला हत्यारं दिली होती. लढाई कुठे आहे हे कळलं की आमच्यासारख्याला आणखी काय हवं?

मी लढलो. चाललो. इतका चाललो की गल्लीतली कुत्री मला बघून जांभया द्यायला लागली. आणि परवा दुसरा स्कॅन झाला.

काल मी निकाल ऐकायला बाईंच्या खोलीत गेलो. दार उघडलं. पडदे ओढलेले, पडदा उजळलेला, बाई त्यांच्या जागी. आणि शेजारी? शेजारी फरशीवर फक्त पुठ्ठ्याची घडी!

मी म्हटलं, "बाई, खुर्ची?"

"सकाळी आले तर नव्हतीच. कुणीतरी नेली. शोधतेय."

"मग सांगा ना, मी उभ्याने ऐकतो."

"मी उभ्या माणसाला सांगत नाही. घाई करण्यासारखं काही नाही. उद्या खुर्ची शोधू, बसू, बघू."

आणि मी परत आलो! निकाल न ऐकता! घरी रात्रीच्या जेवणाला आमची परिषद बसली. ताई म्हणाली, "वाईट असतं तर तिनं उभ्यानंसुद्धा सांगितलं असतं." मी म्हटलं, "चांगलं असतं तर उभ्यानंच सांगितलं असतं." ताई म्हणाली, "गप जेव." तर मित्रहो, आत्ता, या क्षणी, मी तुमच्यापुढे उभा आहे आणि त्या दुसऱ्या नळीत काय आहे ते मला ठाऊक नाही. ते फक्त बाईंना ठाऊक आहे. मी इतका बडबडतोय तो त्यामुळेच. माणूस घाबरला की कुणी गप्प होतो, कुणी माझ्यासारखा सुटतो.

आणि आज या सभागृहात आलो तर काय बघतो? आपल्या निरोप समितीची भेट! शिंपीकाका, आता सांगू ना? समितीत चर्चा झाली, बाईंना द्यायचं काय? कुणी म्हणालं घड्याळ. आयुष्यभर वेळेवर आलेल्या बाईला घड्याळ देणं म्हणजे टोमणा. कुणी म्हणालं फुलदाणी. आणि शिंपीकाका उठले. म्हणाले, "ती खुर्चीच देऊ या बाईंना. आपण सगळे तिच्यात बसलोय. आठवण राहील." सगळ्यांचे डोळे भरून आले. काकांनी स्वतःच्या हातांनी तिला मखमलीचं कव्हर शिवलं. काल पहाटे रात्रपाळीच्या शिपायांकरवी ती खोलीतून गुपचूप हलवली. त्या चकचकीत कागदाखाली, मंडळी, ती खुर्ची आहे!

काका, खाली बघू नका. यापेक्षा प्रेमळ चोरी मी आयुष्यात पाहिलेली नाही. कव्हर अप्रतिम असणार. पण मला सांगा, बाई आता निवृत्त होऊन पोहायला शिकणार आहेत. त्या पाण्यात खुर्ची नेणार आहेत का? त्यांच्या घरी तिच्यात बसून कोण विचारणार, "किती मेलंय?" आणि उद्या सकाळी त्या खोलीत जो घाबरलेला माणूस जाईल, तो कुठे बसेल?

उद्यापासून तिथे काम करणारे तरुण डॉक्टर व्यासपीठावर आहेत. डॉक्टर, तुमच्याकडे नवा संगणक आला आहे. तो फोटो बघून टक्केवारी काढतो, म्हणे. काढू द्या! मी यंत्रांचा शत्रू नाही, यंत्रानेच माझी ती नळी पकडली. पण टक्केवारी हातात घेऊन उभा असलेला माणूस काय म्हणतो, ठाऊक आहे? "बरं, येतो." आणि जातो. बसलेला माणूस दुसरा प्रश्न विचारतो. आणि आपला खरा प्रश्न नेहमी दुसराच असतो! पहिला प्रश्न आपण सभ्यपणे विचारतो, दुसरा भीतीने विचारतो. त्या दुसऱ्या प्रश्नासाठी ती दुसरी खुर्ची आहे. बाईंचं सगळं डॉक्टरी आयुष्य त्यात आलं. त्यांचा सत्कार करायचा असेल तर ती त्यांना देऊ नका. ती जिथली आहे तिथे ठेवा!

अध्यक्षमहाराज, आपण मान हलवलीत. सभेने पाहिली. आता ती परत हलवता येणार नाही. आभार!

आता आभारांचं उरकतो. आयोजकांचे आभार. माझ्या निमित्ताने खूप वेळ श्वास रोखून बसलेल्या श्वासरावांचे आभार. ताईचे आभार, तिने अजून पेला पुढे केलेला नाही. आणि बाई, तुमचे आभार मानायला मला भाषा पुरत नाही, आणि मला भाषा न पुरणं म्हणजे काय, ते या गावात सगळ्यांना कळतं. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल, एखादा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या. जिवंत स्नायू सोडून देतो, बाईंनीच शिकवलंय.

पण मी अजून खाली बसत नाही. एक काम राहिलंय. खुर्ची आत्ता परत न्यायची. उद्या नाही, समितीची बैठक घेऊन नाही, आत्ता! खोली याच मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला आहे. एकच अडचण. खुर्ची जड आहे, आणि सभागृहात बसलेल्या आपणा सगळ्यांना बादलीसुद्धा वर्ज्य! तेव्हा बाई, आमची सगळ्यांची हृदयं तुम्ही आतून पाहिली आहेत. तुम्हीच सांगा, कोणी उचलायची? लाजू नका. माझ्यापुरतं बोलायचं तर माझी उघड परवानगी आहे, काय असेल ते भर सभेत सांगा.

बाई उठल्या. थांबा, शांत राहा जरा. त्या बोट दाखवताहेत. कुणाकडे? शिंपीकाका? नाही, काकांना त्यांनी बसायला सांगितलं. मग?

मी?

बाई, नीट बघून सांगा, मी? त्या दुसऱ्या नळीसकट मी?

काय म्हणता? जरा मोठ्यानं, मागे ऐकू येत नाही! "थर आकसलाय. एका बाजूनं तुम्ही धरा, दुसऱ्या बाजूनं तुमच्या ताईंना धरू द्या. आणि उचलताना श्वास रोखू नका."

ताई, ऐकलंस? ऐकलंस ना? अगं, रडतेस काय, ये वर! डोळे मग पूस, आधी ये! श्वासराव, आज तुमचं वाक्य बाईंनी मोडीत काढलं, दार तरी धरा! काका, कागद फाडा! सगळे उठा, वाट द्या, आमच्यामागून चला, आणि तो पुठ्ठा अजून तिथेच आहे का बघा. ताई, तिकडून धर. धरलंस? चल, उचल!